पणजीचें माहेर

आमच्या घराण्याचा कुलवृत्तान्त छापून झाला तेव्हां माझे आजोबा हयात होते. त्या जाड ग्रंथांत नऊ पिढ्यांतील पुरुषांचीं नांवें, शिक्षण, नोकऱ्या, कोणास कोठें जमीन मिळाली, सगळें आहे. माझ्या पणजीविषयीं मात्र एकच शब्द आहे : तिचें सासरचें नांव. माहेरचें नांव नाहीं, आडनांव नाहीं, गांव नाहीं. १९१८ सालच्या इन्फ्लुएन्झाच्या सांथींत, जिला आपल्याकडे मानमोडी म्हणत, ती गेली. आजोबा त्या वेळीं तेरा वर्षांचे होते. तिचें छायाचित्रही कोणीं काढलें नव्हतें.

नामवंत स्त्रियांची गोष्ट निराळी. डॉ. आनंदीबाई जोशी १८६५ सालीं जन्मल्या तेव्हां यमुना होत्या. न्यायमूर्ति रानड्यांच्या पत्नी रमाबाई, त्याही माहेरीं यमुनाच, आडनांव कुर्लेकर. हें आपणांस ठाऊक आहे, कारण एकीचें चरित्र लिहिलें गेलें आणि दुसरीनें १९१० सालीं स्वतःच आपल्या आठवणी प्रसिद्ध केल्या. बाकीच्यांचें नवें नांव लग्नाच्या दिवशीं ताटांतल्या तांदळांत अंगठीनें लिहिलें गेलें. जुनें कोणीं लिहून ठेवलें नाहीं.

तीन वर्षांपूर्वीं माळा आवरतांना आजोबांची श्राद्धाची वही हातीं लागली. आंत तिथी, आणि पिंडदानाच्या वेळीं उच्चारावयाचीं नांवें, त्यांच्या ठसठशीत बाळबोध अक्षरांत. माता, पितामही, प्रपितामही यांच्यापुढें आमचेंच गोत्र. लग्नानंतर स्त्री पतीच्या गोत्रांत जाते, तेव्हां तेथें माहेराचा मागमूस असणार नाहीं, हें उघडच होतें. पण पुढच्याच पानावर मातामहांची त्रयी होती. आईचा बाप, त्याचा बाप, त्याचाही बाप. अशीं तीन नांवें आणि गोत्र जामदग्न्य. स्त्रियांना विसरल्याबद्दल आपण ज्या शास्त्रास नांवें ठेवतों, त्यानेंच माझ्या पणजीचा बाप जपून ठेवला होता! मला त्या दुपारीं जेवणही सुचलें नाहीं.

श्राद्धांत आडनांव उच्चारीत नाहींत. तरी चित्तपावनांच्या साठ मूळ आडनांवांत जामदग्न्य गोत्राचीं दोनच येतात, पेंडसे आणि कुंटे. म्हणून शोध अवघड असला तरी अथांग नव्हता. दोन्ही घराण्यांच्या वंशावळी ग्रंथालयांत बसून चाळल्या. उन्हाळा त्यांत गेला. बापलेकांचीं तींच नांवें आलटून पालटून येत असल्यामुळें तीनदां फसलें. अखेरीस दापोली तालुक्यांतील एका शाखेंत तीं तिन्ही नांवें ओळीनें, एकाखालीं एक सांपडलीं. सर्वांत खालच्या नांवापुढें चार मुलांचीं नांवें तपशिलानें दिलीं होतीं. मग स्वल्पविराम, आणि ‘कन्या एक’.

त्या दोन शब्दांवर बोट ठेवून मी किती वेळ बसलें होतें कोण जाणे. ग्रंथपालांनीं येऊन विचारलें, ‘बाई, बरें वाटत नाहीं का?’

त्या गांवीं मी गेल्या माघांत जाऊन आलें. घर अजून उभें आहे; पडवीवर आतां पत्रे आहेत इतकेंच. घरच्या वहिनींनीं माझी हकीकत शांतपणें ऐकून घेतली. कन्येचें नांव त्यांच्याकडेही कोणास ठाऊक नव्हतें. मात्र मागीलदारची विहीर तिच्या काळींही होती, एवढें त्यांनीं खात्रीनें सांगितलें. मी वांकून आंत पाहिलें. पाणी बरेंच खोल होतें.

निघतांना त्यांनीं मला पाटावर बसविलें. मी संकोचून म्हटलें, ‘अहो, माझें वय एकाहत्तर!’ त्या म्हणाल्या, ‘असूं द्या. लेकीच्या घरचीं माणसें इतक्या वर्षांनीं आलीं. रिकाम्या ओटीनें कशीं जाऊं देऊं?’

परतीच्या एस्. टी. मध्यें तो खण-नारळ मी मांडीवर घेऊन बसलें होतें. तांदूळ लालसर, जाडे होते, त्यांच्याच शेतांतले.