फोंताइन्हासमधील दोन रात्री

प्रवासवर्णन लिहावयाचें तर प्रवासही तसाच मोठा असावा लागतो, अशी माझी समजूत होती. आणि शिक्षकाच्या पेशांत आयुष्य गेलेल्या माझ्यासारख्याचे प्रवास म्हणजे बदलीचे गांव, आप्तांचीं लग्नें आणि कुलदैवताचें दर्शन एवढेच. तेव्हां गेल्या माघांत पणजीस काढलेल्या दोन रात्रींची ही हकीकत वाचकांनीं एका घरगुती प्रश्नाचा निकाल कसा लागला, याचें निवेदन म्हणून गोड करून घ्यावी.

प्रश्न असा होता. राजापूर तालुक्यांत आमचें वडिलोपार्जित घर आहे. जांभ्या दगडाचें, ऐसपैस ओटीचें. परसांत रहाटाची विहीर. मातोश्री निवर्तल्यापासून अकरा वर्षें तें बंद आहे. दर पावसाळ्यांत कांहीं कौलें फुटतात, आणि मागील साली पश्चिमेकडील छप्परच बसलें. माझ्या पुतण्यानें तें दुरुस्त करून प्रवाशांना उतरण्यासाठीं भाड्यानें देण्याची योजना काढली, आणि चिरंजीवांनींही तिला पाठिंबा दिला. मीं मात्र दोन वर्षें सहीस नकार दिला होता. "ज्या माजघरांत माझ्या आजीनें शेवटचा श्वास घेतला, तेथें तिऱ्हाइतानें पथारी टाकावी काय?" हें माझें उत्तर ठरलेलें असे, आणि त्यावर घरांत कोणी बोलत नसे.

आमचें कुलदैवत कवळ्याची श्रीशांतादुर्गा. चाळीस वर्षें आम्ही उभयतां दर्शनास जात आलों, ते अग्रशाळेंतच उतरत आलों. यंदां चिरंजीवांनीं पुण्याहून कळविलें कीं, "बाबा, आईचे गुडघे दुखतात, पणजींत एका बुटीक हॉटेलांत खोली घेतली आहे, पैसेही भरले आहेत." भाडें किती, असें मीं तीन वेळां विचारलें, तेव्हां एका रात्रीचे साडेसहा हजार रुपये असें कळलें. माझ्या नोकरीच्या पहिल्या संबंध वर्षाची प्राप्तिही इतकी नव्हती! पैसे परत मिळत नाहींत असें ऐकल्यामुळेंच मी निघालों, हें कबूल केलें पाहिजे.

'बुटीक' हा शब्द मीं निघण्यापूर्वीं कोशांत पाहिला. तो मूळचा फ्रेंच; अर्थ, लहानसें दुकान. त्याचें मूळ ग्रीक भाषेंतील कोठारवाचक शब्दांत आहे, आणि पोर्तुगीज भाषेंतील औषधाच्या दुकानास असलेला 'बोतिका' हा शब्द त्याचाच भाऊ. आपल्या संस्कृतांत दुकानास 'आपण' म्हणतात. थोड्या खोल्यांचें, जुन्या घराचा डौल राखलेलें आणि मोल अधिक घेणारें जें उतारूगृह, त्यास हल्लीं हें नांव देतात, एवढा बोध झाला.

करमळी स्थानकावर उतरून आम्ही जुन्या गोव्यावरून रायबंदरास आलों, आणि तेथून पणजीपर्यंत त्या प्रसिद्ध बांधावरून गेलों. सुमारें तीन किलोमीटर लांबीचा हा बांध पोर्तुगीजांनीं १६३३-३४ च्या सुमारास घातला. आजही त्यावरून वाहनें धांवतात. फोंताइन्हास ही पणजीची जुनी वस्ती ओरें खाडी आणि आल्तिन्हो टेकडी यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्टींत वसली आहे. नांवाचा अर्थ 'लहान झरे'. टेकडीच्या पायथ्याशीं फेनिक्स नांवाचा झरा आहे, त्यावरून तें पडलें. १७५९ मध्यें व्हाइसरॉयनें आपलें बिऱ्हाड जुन्या गोव्यांतून पणजीस हलविलें आणि १८४३ मध्यें पणजी रीतसर राजधानी झाली. या स्थलांतराबरोबर येथें कारकून, अधिकारी आणि व्यापारी यांचीं घरें उठलीं. तांबडीं, निळीं, पिवळीं अशीं हीं घरें रस्त्याला अगदीं खेटून उभीं आहेत. पांढरा रंग देवालयाचा, म्हणून गृहस्थानें तो आपल्या भिंतीस लावूं नये, असा त्या काळचा दंडक होता, असें तेथें सांगतात.

आमचें उतारूगृह अशाच एका पिवळ्या घरांत होतें. खोल्या अवघ्या सात. खिडक्यांना कांचेऐवजीं शिंपल्यांचे पातळ तुकडे बसविलेले. त्यांतून येणारा प्रकाश दुधासारखा शांत असे. पलंग इतका उंच कीं, सौभाग्यवतीस चढण्यासाठीं चौरंग मागवावा लागला. नोकर अदबशीर होते, आणि तीच मला अडचण वाटत होती. ज्याच्या येण्याची तिथि ठरलेली नाहीं तो अतिथि, अशी त्या शब्दाची व्युत्पत्ति आमचे गुरुजी सांगत. आमची तिथि महिन्यापूर्वीं ठरली होती आणि तिचें मोलही चुकतें झालें होतें. मग हें आतिथ्य कसलें? रात्रीं मी हेंच पुटपुटत होतों; शेवटीं सौभाग्यवती म्हणाली, "अहो, निजा आतां. पाठ तरी दुखत नाहीं ना?" पाठ खरोखरच दुखत नव्हती.

पहाटे पोंपों असा आवाज करीत पोदेर सायकलीवरून आला. न्याहरीस त्याच्याच गरम पोया मिळाल्या. माझी आजी पावास उंबरा ओलांडूं देत नसे. विहिरींत पाव टाकून गांवेंच्या गांवें बाटविल्याच्या कथा ती सांगे. ती आठवण मनांत असतांही मीं दोन पोया संपविल्या. मग फिरावयास निघालों. नऊ वाजतां तरुण मंडळींच्या झुंडी आल्या आणि लोकांच्या दारांत, पायऱ्यांवर, तुळयांखालीं उभ्या राहून छायाचित्रें घेऊं लागल्या. कित्येक घरांवर 'येथें छायाचित्र काढूं नये' अशा पाट्या लागल्या आहेत. एका पाटीखालींच दोघे जण हंसत उभे होते. माझा निश्चय त्या क्षणीं अधिकच पक्का झाला.

त्याच गल्लींत संत सेबास्तियनचें लहानसें प्रार्थनामंदिर आहे. त्यांतील क्रूसावरील ख्रिस्ताचे डोळे मिटलेले नसून उघडे आहेत. ही मूर्ति पूर्वीं जुन्या गोव्यांत इन्क्विझिशनच्या वाड्यांत होती. तें न्यायासन १८१२ मध्यें बंद पडल्यावर ती पणजीच्या राजवाड्यांत आणि १९१८ मध्यें येथें आली. ज्या सत्तेनें आमच्या पूर्वजांना देव उचलून नदीपार पळावयास लाविलें, तिच्या वाड्यांतील ही मूर्ति. पाहतांना मन कांहीं वेळ कडू झालें. पण ती सुद्धां तीन घरें फिरली आहे, हा विचार मागाहून आला. खाडीपलीकडे पाट्टो येथें १८३२ सालीं स्थापन झालेलें ग्रंथालय आहे. त्यास आतां कृष्णदास शामा यांचें नांव आहे. १५२६ मध्यें या गोमंतकीयानें मराठींत कृष्णचरित्र रचिलें. त्या ग्रंथालयानेंही आपलें घर बदललें आहे.

दुपारीं कवळ्यास जाऊन दर्शन घेतलें. देवी मूळची केळशीची. सोळाव्या शतकांतील धामधुमींत भक्तांनीं तिला येथें आणिली. हें मला लहानपणापासून ठाऊक आहे. पण त्या दिवशीं ओटी भरतांना प्रथमच मनांत आलें कीं, केळशीच्या भिंतींसाठीं ते लोक अडून बसले असते, तर आज आपण नमस्कार कोणास केला असता?

सायंकाळीं परतलों तेव्हां जेवणाच्या दालनांत एक वृद्ध बाई कोपऱ्यांतील लांकडी देव्हाऱ्यापुढें मेणबत्ती लावीत होती. सौभाग्यवतीचें माहेर सावंतवाडीकडील. तिनें कोंकणींतून विचारपूस केली. बाई घराची मालकीण निघाली. एक भाऊ लिस्बनला, दुसरा कॅनडांत. पुढचें घर भाड्यानें दिलें असून ती मागील दोन खोल्यांत राहते. पाहुण्यांना देव्हारा द्यावयाचा नाहीं आणि सांजवात तिनेंच लावावयाची, अशी करारांत अट आहे. मीं न राहवून विचारलें, "परकीं माणसें घरांत वावरतात, याचें दुःख होत नाहीं?" ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "जाता, मास्तर. पूण घराक मनीस जाय. मनीस ना जाल्यार घर पडटा." आणि शेजारचें एक घर तिनें खिडकींतून दाखविलें. कुलूप लावलेलें, छप्पर आंत कोसळलेलें, ओटीवर पिंपळ उगवलेला. तो पिंपळ मला ओळखीचा वाटला.

त्या रात्रीं झोंप आली नाहीं. आजीच्या स्मृतीसाठीं मी जें राखीत होतों, तें घर होतें कीं नुसतें कुलूप? दुसरी बाजूही दिसत होती. ज्या गल्लींतील सर्वच घरें पाहुण्यांचीं झालीं, तेथें पाहुणचार करावयास उरणार कोण? मग 'आपण' जाऊन केवळ 'आपण', म्हणजे दुकान, तेवढें शिल्लक राहील. त्या पिवळ्या घराचें घरपण शिंपल्यांच्या खिडक्यांत नव्हतें. मागील दोन खोल्यांत राहणाऱ्या त्या बाईंत होतें.

सकाळीं पुतण्यास दूरध्वनि केला. सही करतों म्हणालों, परंतु दोन अटींवर: देवघर व माजघर भाड्यानें जाणार नाहीं, आणि मागच्या पडवींत दोन माणसांची सोय करावयाची. "कोणाची, काका?" त्यानें विचारलें. "माझी आणि तुझ्या काकूची," मीं सांगितलें.

हें मीं सौभाग्यवतीस विचारल्यावांचून बोलून गेलों होतों. रत्नागिरींतील शेजार, दवाखाना, हरिपाठाचें मंडळ, सारें सोडून या वयांत तिनें आडगांवीं यावें, हें मीं परस्पर ठरविलें, याची मला बोलल्यावर लाज वाटली. ती पिशवी भरीत होती. मान वर न करितां तिनें एवढेंच विचारलें, "विहिरीचा रहाट तेवढा आधीं दुरुस्त करून घ्याल ना?"