१०१.४ वरची माणसं

गंगापूर रोडवर ‘आकाशवाणी टॉवर’ म्हटलं की रिक्षावाला पुढे काही विचारत नाही. आसपास राहणाऱ्या कितीतरी घरांत आता रेडिओच नसेल, पण पत्ता तोच सांगतात. मी २००० च्या आसपास नाशिक केंद्रावर नैमित्तिक उद्घोषक म्हणून काम करू लागले, तेव्हा या टॉवरचं मला भारी अप्रूप होतं. १०१.४ मेगाहर्ट्झ. एफएमच्या लहरी सरळ रेषेत जातात, डोंगर आडवा आला की आवाज खरखरतो. त्यामुळे आपला आवाज कुठवर पोहोचतो, हे नकाशा न बघताही आम्हाला ठाऊक असायचं. डोंगरापलीकडच्या गावांतून पत्रं कमी यायची.

पहाटेच्या सभेची ड्युटी मला सगळ्यात आवडायची. डिसेंबरातली नाशिकची थंडी, चपला बाहेर काढून गार स्टुडिओत शिरायचं, क्यू शीट समोर ठेवायची, पहिल्या गाण्याची टेप लावून तयार ठेवायची. मग वॉल्टर कॉफमन यांनी बांधलेली ती संकेतधून, वंदे मातरम्, आणि लाल दिवा लागला की फेडर वर सरकवून, ‘आकाशवाणीचं हे नाशिक केंद्र आहे.’ हे वाक्य कितीही वेळा म्हटलं तरी माझ्या पोटात दर वेळी तितकंच हलायचं.

तेव्हा बरंचसं काम स्पूलवर चालायचं. पाव इंची टेप सेकंदाला साडेसात इंच या वेगाने धावायची, म्हणजे एका खोकल्याला तीन-चार इंच टेप. स्पूल हाताने मागेपुढे फिरवत आवाज नेमका कुठे सुरू होतो ते पकडायचं, पिवळ्या पेन्सिलीने खूण करायची, टेप ब्लॉकच्या तिरक्या खाचेत बसवून ब्लेड फिरवायचं आणि दोन्ही टोकं पट्टीने सांधायची. काप तिरकाच हवा, सरळ कापलं तर सांध्यावर ‘टक्’ वाजतं.

एकदा दिंडोरीकडच्या एका द्राक्ष बागायतदाराची मुलाखत अशी साफ करत बसले होते. गारपिटीत बाग गेली होती. बोलता बोलता ते मध्येच थांबले, चांगले सात-आठ सेकंद. रेडिओवर एवढी शांतता म्हणजे ऐकणाऱ्याला वाटतं, केंद्र बंद पडलं. मी ब्लेड उचललं, तेवढ्यात मागे उभे असलेले आमचे ज्येष्ठ कार्यक्रम अधिकारी म्हणाले, “खोकला काढ. हे राहू दे. ज्यांची बाग गेलीय ते ऐकणार आहेत हे.” तो तुकडा तसाच प्रसारित झाला.

ऐकणारा कोण, हे माहीत असणं, हीच लहान केंद्राची खरी ताकद आहे असं मला तेव्हाही वाटायचं आणि आजही ठामपणे वाटतं. मुंबईच्या, दिल्लीच्या बातम्या आम्ही सहक्षेपित करायचो. त्या चोख असायच्या, पण त्यांना येवल्याचा श्रोता वेगळा दिसणं शक्यच नव्हतं. आमच्याकडे पन्नास पैशांच्या पोस्टकार्डांचे गठ्ठे यायचे. फर्माईश कमी आणि घरची खुशालीच जास्त. ‘ताई’ म्हणून सुरुवात, मुलीचं लग्न ठरलं, विहिरीला पाणी लागलं, आणि शेवटी एका गाण्याचं नाव.

त्यातलं कळवणहून आलेलं एक कार्ड मी जपून ठेवलंय. आम्ही बाजारभाव वाचायचो: लासलगाव, उन्हाळ कांदा, क्विंटलला किमान, कमाल, सरासरी. पुढे पिंपळगाव बसवंत, पुढे सटाणा. कार्डावर दोनच ओळी होत्या. ‘भाव सांगितल्यावर जरा थांबत जा. म्हातारा लिहून घेतो, त्याचा हात हळू चालतो.’ त्या दिवसापासून मी प्रत्येक आकड्यानंतर थांबू लागले. कमाल भाव सांगायचा, मनातल्या मनात तो आकडा पाटीवर लिहायचा आणि मगच सरासरीकडे वळायचं. त्या थांबण्याबद्दल ड्युटी रूममधून मला कधीही विचारणा झाली नाही.

पुढे स्पूल गेले, संगणक आले. ब्लेडचं काम माऊसवर आलं, मला ते सोयीचंच वाटलं. पत्रांची जागा फोनने घेतली.

२ ऑगस्ट २०१६ ला गोदावरीला मोठा पूर आला. गंगापूर धरणातून विसर्ग सुरू होता आणि शहरात सगळ्यांच्या तोंडी एकच प्रश्न होता, दुतोंड्या मारुतीला पाणी कुठवर लागलं? नाशिककराला क्युसेकपेक्षा ते माप जवळचं. शहरातून पुढे गेलेलं पाणी निफाड तालुक्यातल्या गावांत शिरतं. तिकडून फोन येऊ लागले. सायखेड्याच्या एका बाईंनी विचारलं, “जनावरं आत्ता सोडू, का स्वयंपाक उरकून?” मी म्हटलं, आत्ताच सोडा. हातात आलेल्या निवेदनात ‘नदीकाठच्या गावांनी सतर्क राहावे’ एवढंच छापलेलं होतं. ड्युटी ऑफिसरांनी त्याखाली पेनाने गावं लिहिली: सायखेडा, चांदोरी, चापडगाव, शिंगवे, करंजगाव. मी ती एकेक करून, मध्ये थांबत वाचली. मग गाणं लावलं, फोन घेतले, आणि गाणं संपल्यावर सगळी गावं पुन्हा पहिल्यापासून वाचली.