सॅकमध्ये काय नव्हतं!

पहिल्या ट्रेकला मी सॅकमध्ये दोन जीन्स, डिओ, आणि चक्क लॅपटॉप भरला (रिलीज होती हो!). भाईंदरहून दादर, कल्याण, मग एसटीने खिरेश्वर. पाणी मात्र १ लिटर. हरिश्चंद्रगडाच्या टोलार खिंडीतच ते संपलं. पुढे कातळावर पाय लटपटायला लागले. मित्राने त्याचं अर्धं पाणी दिलं, वर लॅपटॉपही स्वतःच्या सॅकमध्ये घेतला. काही बोलला नाही, तेच जास्त लागलं. कोकणकड्याजवळ डिसेंबरची थंडी, दवाने भिजलेली जीन्स दुपारपर्यंत वाळेना, आणि डोक्यावर त्याचीच कानटोपी. लॅपटॉप? रेंजच नव्हती.

येत्या शनिवारी पुन्हा निघतोय. ३ लिटर पाणी, टॉर्च, सुती नसलेली पँट. कानटोप्या दोन. एक त्याची, धुतलेली.