अपुऱ्या प्रकरणाच्या बाजूने

सगळं वाचून झाल्याशिवाय, सगळ्या नोंदी हाताशी आल्याशिवाय प्रबंधाचं पानही लिहू नये, असं माझं अनेक वर्षं ठाम मत होतं. आज ते तसं राहिलेलं नाही.

माझा विषय आदिलाबादच्या परधानांचं कथागायन. गोंडांच्या कुळांच्या आणि देवांच्या कथा परधानांनी पिढ्यानपिढ्या तोंडपाठ जपल्या. घरात ते मराठी बोलतात; किकरी हे तंतुवाद्य हाती घेतलं की कथा गोंडीत गातात. मी इथल्या मराठी शाळेत शिकवते. इतका मोठा ठेवा दाराशी असताना तो अर्धवट मांडणं मला अप्रामाणिक वाटायचं. म्हणून मी जमवत राहिले. पहाटे स्वयंपाकाआधी टिपणं, दिवसा शाळा, रात्री सगळे झोपल्यावर ध्वनिमुद्रणं उतरवून काढायची. कापूस वेचणीच्या दिवसांत गावात कुणी भेटत नाही. दिवाळीत दंडारी नाच निघतो, सगळे भेटतात, पण तेव्हाच माझ्या घरी पाहुणे असतात. पौष अमावास्येच्या केसलापूरच्या नागोबा जत्रेत वही भरते. प्रकरण मात्र तिथेच राहतं. यूजीसीच्या 2022च्या नियमांत पीएच.डी.ला सहा वर्षं आहेत, त्यापुढे पुनर्नोंदणी. किनवटमार्गे नांदेडला मार्गदर्शकांकडे जाताना माझ्याजवळ दरवेळी नव्या नोंदी असत, लिहिलेलं काही नसे.

माझं मत पालटलं ते मानववंशशास्त्रज्ञ हायमेनडॉर्फ यांच्यामुळे. 1940च्या दशकात इथल्या मारलवाई गावात राहून त्यांनी राज गोंडांचा अभ्यास केला. त्यांचा 1948चा ग्रंथ मी संदर्भासाठी कितीदा उघडला होता. त्याच्या नावाखाली ‘पहिला भाग’ असं छापलंय, याचा अर्थ मात्र उशिरा जाणवला. गोंडांवरचं त्यांचं पुढचं मोठं पुस्तक, पत्नी एलिझाबेथ यांच्या सहकार्यानं लिहिलेलं, 1979 साली आलं. मधल्या 31 वर्षांत निजामाचं राज्य संपलं, आंध्र प्रदेश झाला, बाहेरून लोक येऊन वसले, गोंडांच्या कितीतरी जमिनी हातच्या गेल्या. सगळं कळेपर्यंत हायमेनडॉर्फ थांबले असते, तर 1940च्या दशकातलं आदिलाबाद त्या रूपात कागदावर उतरलंच नसतं.

मग एका परधान काकांचं बोलणंही नव्यानं कळलं. कथा मध्येच थांबली म्हणून मी पुढचं विचारलं होतं. ते म्हणाले होते, “ताई, आज लागते तेवढं सांगतलं. बाकीचं त्या त्या कारजाला.” मी वहीत ‘अपूर्ण’ असा शेरा मारला होता. त्यांच्या दृष्टीनं त्या दिवसाचं सांगणं पूर्ण झालं होतं.

आता मी लिहिते आहे. कथा कुणी, कुठे, कोणत्या प्रसंगी सांगितली, कोणता भाग मला ऐकायला मिळाला नाही, हे त्या त्या प्रकरणातच नोंदवते. प्रबंध म्हणजे विषयावरचा शेवटचा शब्द, हा आग्रह मी सोडला आहे. आपण कुठवर पोहोचलो हे पुढच्या अभ्यासकाला स्पष्ट सांगणं मला आज जास्त प्रामाणिक वाटतं.

काहीतरी निसटेल ही धास्ती अजून आहे. पण कथा सांगणारे थकत चालले आहेत. लिहिलेलं त्यांना वाचून दाखवायचं, चुकलेलं त्यांच्याकडूनच दुरुस्त करून घ्यायचं, तर ते त्यांच्या हयातीत लिहून व्हायला हवं.