टाकीच्या निम्म्या पैशांचा माग

ग्रामपंचायतीवर निवडून आले तेव्हा केंद्राचं बजेट म्हणजे टीव्हीवर काय स्वस्त, काय महाग हे सांगणारा दिवस, एवढंच मला माहीत होतं. सिन्नर तालुक्याच्या पूर्व भागात, जिथं पाऊस दरवर्षी वाट बघायला लावतो, तिथल्या आमच्या गावाचा दिल्लीशी काय संबंध?

पहिल्याच मासिक सभेत ग्रामसेवकांनी पंधराव्या वित्त आयोगाचा हिशेब वाचला. बंधित, अबंधित, आराखडा, पीएफएमएस... मला काही सुधरेना. खात्यात पैसे शिल्लक दिसले म्हणून मी शाळेच्या संरक्षक भिंतीचा विषय काढला. ते म्हणाले, "ताई, हा निधी बंधित आहे. त्यातून भिंतीची एक वीटही बसायची नाही."

मग त्यांनीच वही उघडून समजावलं. या अनुदानातले ६० टक्के पाणी आणि स्वच्छतेवरच खर्चायचे होते. उरलेले ४० टक्के गावाच्या इतर गरजांना, पण पगाराला नाही. पैसा केंद्राचा, येतो राज्यामार्फत. ८० टक्के ग्रामपंचायतींना, पंचायत समिती आणि जिल्हा परिषदेला १०-१० टक्के.

खरी घालमेल झाली ती टाकीपाशी. जलजीवन मिशनमधल्या आमच्या टाकीचे खांब उभे आहेत, वर गंजलेल्या सळया बाहेर आलेल्या. ठेकेदाराचं बिल निघालं नाही नि मजूर गेले. ग्रामसभेत बायका मलाच विचारतात, "पाणी कधी?" त्यांना रोज हंडे घेऊन जाताना बघते, तेव्हा 'वरून पैसे आले की' हे उत्तर द्यायला जीभ रेटत नाही.

म्हणून 'वरून' म्हणजे कुठून, ते शोधायला बसले. महाराष्ट्रात या योजनेचा निम्मा खर्च केंद्राचा, निम्मा राज्याचा. २०२४-२५ च्या बजेटमध्ये केंद्रानं मिशनसाठी सुमारे ७० हजार कोटी रुपये धरले होते. सुधारित अंदाजात ते सुमारे २२,७०० कोटींवर आले. मिशनची मुदत मात्र २०२८ पर्यंत वाढवली. निम्म्या भागीदाराचा हात आखडला, की दुसऱ्यानं स्वतःच्या तिजोरीतून पैसे उभे करायचे, नाहीतर काम थांबवायचं.

आणि राज्याच्या तिजोरीचं काय? वाटून घ्यायच्या केंद्रीय करांतले ४१ टक्के सगळ्या राज्यांना मिळतात. पंधराव्या वित्त आयोगानं त्या ४१ टक्क्यांतला ६.३१७ टक्के हिस्सा महाराष्ट्राला ठरवला होता. म्हणजे वाटपाच्या १०० रुपयांमागे साधारण २ रुपये ५९ पैसे. उपकर आणि अधिभार तर या वाटपात येतच नाहीत. पेट्रोल भरताना आपण उपकर देतो, पण त्यातला हिस्सा राज्याला मागता येत नाही.

२०२५ मध्ये १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावरचा आयकर माफ झाला. सातपूरला नोकरी करणाऱ्या माझ्या भावाला मोठा दिलासा मिळाला आणि मला त्याचा आनंदच आहे. पण केंद्रानं सुमारे १ लाख कोटींवर पाणी सोडलं, त्यात राज्यांचाही वाटा होता, हे मला तेव्हा प्रथमच उमगलं. कर कमी झाला की घरात चार पैसे वाचतात. राज्याला मात्र तेवढ्याच कामांसाठी पैसा दुसरीकडून आणावा लागतो.

अजून बरंच समजायचं आहे. पण आता प्रत्येक कामाच्या फलकावर केंद्राचा वाटा किती, राज्याचा किती, लोकवर्गणी किती, आणि त्यातलं प्रत्यक्ष आलं किती, हे लिहायचा ठराव मी मांडला आहे. कुणाचा पैसा अडलाय ते गावाला कळलं, तर आमच्या बायका योग्य दाराशी जाऊन जाब विचारतील. तो त्यांचा हक्क आहे, कारण काडेपेटीपासून डिझेलपर्यंत कर त्याही भरतातच.