पोवळ्याची गल्ली

चेन्नईच्या जॉर्ज टाउनमध्ये मराठी माणूस येतो तो बहुधा तंबू चेट्टी स्ट्रीटवरच्या कालिकांबाळच्या दर्शनाला. ३ ऑक्टोबर १६७७ रोजी शिवाजी महाराज इथे आले होते, असं देवळात लिहिलेलं आहे. मीही तिथे हात जोडून उभी राहिले, डोळे भरून आले. पण त्या दिवशी मला आणखी एक गल्ली शोधायची होती. पवळक्कारन तेरू. इंग्रजीत कोरल मर्चंट स्ट्रीट.

तमिळ मला येत नाही. देवळाबाहेर फुलं विकणाऱ्या आजींपुढे मी मंगळसूत्रातलं पोवळं धरलं आणि म्हटलं, "पोवळं." त्या लगेच म्हणाल्या, "पवळम!" आणि हाताने वाट दाखवली.

हे लाल पोवळं आपल्या समुद्रातलं नव्हे. ते वाढतं भूमध्य समुद्रात, सार्डिनिया, कॉर्सिका, अल्जीरियाच्या किनाऱ्यांलगतच्या खडकांवर. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात पोवळ्याच्या एका जातीचं नाव 'आलकंदक' असं आहे. त्यात काही अभ्यासकांना अलेक्झांड्रिया ऐकू येतं. त्या बंदराचं नाव आपल्याकडे पोवळ्याला चिकटून राहिलं असेल, ही कल्पनाच मला सुखावते. रोमचा प्लिनी पहिल्या शतकात लिहितो, की आमच्या बायकांना मोत्यांचं जेवढं मोल, तेवढंच हिंदुस्थानात पोवळ्याचं.

पुढे सतराव्या-अठराव्या शतकांत या व्यापाराचं मोठं केंद्र होतं इटलीतलं लिव्होर्नो बंदर, आणि तो चालवण्यात तिथली ज्यू घराणी पुढे होती. पोवळी लंडनमार्गे मद्रासला येत, बदल्यात गोवळकोंड्याचे हिरे जात. काही ज्यू व्यापारी मद्रासलाच राहिले. गल्लीचं नाव त्यांच्या धंद्यावरून पडलं. तिकडे गोव्यातल्या कामत घराण्याशी लिव्होर्नोच्या एर्गास आणि सिल्व्हेरा या पेढीचा पत्रव्यवहार पोर्तुगीजमधून चाले. दोघांचा धर्म वेगळा, मधे दोन-दोन समुद्र, एका पत्राच्या उत्तराला महिनोन्‌महिने. तरी शब्दावर माल सुटत असे. मला या माणसांविषयी मनापासून आदर वाटतो.

मद्रासला तर तेव्हा धड बंदरही नव्हतं. जहाजं दूर नांगर टाकून थांबत आणि माल मसुला होड्यांतून किनाऱ्याला येई. या होड्यांच्या फळ्या खिळ्यांनी ठोकलेल्या नसत, काथ्याने शिवलेल्या असत. लाटेचा मार बसला की त्या वाकत, फुटत नसत. भूमध्य समुद्रातलं पोवळं शेवटचा टप्पा असं, शिवलेल्या लाकडावर बसून ओलांडत होतं. व्यापाराच्या इतिहासात पेढ्यांची नावं सापडतात, त्या नावाड्यांची मात्र सापडत नाहीत.

गल्ली अरुंद. हातगाड्या, वर तारांचा गुंता, जिने थेट रस्त्यावर उतरलेले. मी टोकापर्यंत चालत गेले. पोवळं कुठल्या दुकानात दिसलं नाही.

परतताना फुलवाल्या आजींकडून गजरा घेतला. त्यांनी तो माझ्या केसांत माळला, मग पुढे येऊन मंगळसूत्रातलं पोवळं चिमटीत धरलं आणि उन्हाकडे फिरवून पाहिलं.