सावट

'खरिपावर दुष्काळाचे सावट' असा मथळा दिसला की मी बातमीच्या आधी आजोळी पोहोचतो. हा शब्द मला वर्तमानपत्राने शिकवला नाही, तलासरीकडच्या एका भातखाचराने शिकवला.

खाचराच्या बांधावर ऐनाचे झाड होते. दसऱ्याच्या सुमारास सगळे भात पिवळे व्हायचे, आणि ऐनाच्या उत्तरेला अर्धचंद्रासारखा एक तुकडा मात्र हिरवा राहायचा. तिथली रोपे उंच, पण लवचीक. वाऱ्याने आडवी पडत. लोंबी चिमटीत धरली तर दाण्याऐवजी पळंजच जास्त. "सावटात पडलंय ते," आजी म्हणायची आणि तो तुकडा शेवटी कापायची.

सावट उत्तरेलाच का, हे मला खूप उशिरा उमगले. आमचा मुलूख साधारण 20 अंश अक्षांशावर. मेच्या अखेरीपासून जुलै सरेपर्यंत सूर्य माध्यान्ही डोक्यावरून जरा उत्तरेला जातो. मग तो दक्षिणेकडे सरकतो आणि दुपारची सावली उत्तरेला लांबत जाते. नेमका तेव्हाच भाताचा दाणा भरायचा असतो.

आजीला अक्षांश ठाऊक नव्हता, उपाय ठाऊक होता. पावसाळ्याआधी ऐनाचे टहाळ तोडून, वाळवून ते रोपवाटिकेच्या जागेवर राब म्हणून जाळायचे. त्या एका कोयत्याने राब मिळे आणि खाचराला ऊनही. झाड मात्र कुणी मुळापासून तोडले नाही.

आमच्या घरची गोष्ट याच्या उलट झाली. डहाणूजवळच्या आमच्या वाडीत बाबांनी कालीपत्ती चिकूची कलमे लावली, खिरणीच्या खुंटावर बांधलेली. दोन झाडांत 10 मीटर अंतर, म्हणजे हेक्टरी 100 झाडे. कलमे गुडघाभर होती तोवर मधली सगळी जमीन उन्हात न्हायची. तिथे मिरची, वांगी, चवळी, कडेने केळी. माझ्या शाळेची पुस्तके त्या मिरचीच्या पैशांतून आली.

पुढे चिकूच्या फांद्या एकमेकींना भिडू लागल्या. मिरची नुसती उंच वाढू लागली; पेऱ्यांतले अंतर वाढले, पाने पातळ झाली, फुले धरण्याआधीच गळू लागली. जमीन थकली, असे आम्हाला वाटले. आम्ही शेणखत वाढवले. मिरची आणखी उंच झाली.

खरे कारण वरच्या पानांत होते. पाने तांबडा प्रकाश स्वतःसाठी शोषून घेतात. त्यापलीकडचा, आपल्या डोळ्यांना जवळजवळ न दिसणारा गडद तांबडा प्रकाश मात्र खाली झिरपू देतात. खालच्या रोपाला या बदललेल्या उजेडातून कळते की डोक्यावर कुणीतरी आहे. मग ते फळासाठीची शिदोरी खोडावर खर्च करते आणि उन्हाच्या शोधात वर धावते. मिरची खताला भुकेली नव्हती. ती उन्हासाठी धावत होती.

हद्दीपलीकडे, उंबरगावजवळच्या देहरीत भास्कर सावे यांची 'कल्पवृक्ष' वाडी पाहिली तेव्हा आमची चूक मला दिसली. शिक्षकी सोडून नैसर्गिक शेतीला वाहून घेतलेले हे गृहस्थ 2015 मध्ये गेले. त्यांनी पिकांची अल्पजीवी, मध्यमजीवी आणि दीर्घजीवी अशी मांडणी केली होती. मोठी झाडे वाढेपर्यंत लहान पिकांनी जमीन झाकायची आणि सावली दाटू लागली की बाजूला व्हायचे. आम्ही मिरचीला तिची वेळ संपल्यावरही थांबवून ठेवले होते.

मी चिकूखाली हळद लावली. मका, नागली यांना भर ऊन लागते; हळद, आले अर्धवट सावलीतही पोसतात. चार झाडांच्या मधल्या चौकात हळदीची पाने रुंद झाली, ऑक्टोबरच्या तापातही करपली नाहीत. खोडाजवळ मात्र काढणीत बोटाएवढेच कंद निघाले. तेव्हापासून मी दुपारी बारा वाजता जमिनीवरचे कवडसे पाहतो. जिथे ते दाट सांडलेले, तिथे हळद. जिथे एकही नाही, तिथे फक्त पाचोळा.

असे कवडसे वर्षागणिक कमी होत गेले. चिकू सदाहरित, ऐनासारखी पानगळ त्याला नाही, आणि प्रत्येक फांदीला फळ म्हणून आम्ही कोयता कधी लावला नाही. तीस वर्षांनी चिकूवरच चिकूचे सावट आले. आतल्या फांद्या वाळल्या. फळ राहिले ते शेंड्याला आणि बाहेरच्या घेराला. झाडांचा मधला भाग मोकळा करायला हवा होता. बाबा म्हणायचे, "पोटच्या पोरासारखी वाढवलीत मी." मी गप्प बसायचो.

गेल्या वर्षी ते स्वतःच खुर्ची टाकून झाडाखाली बसले. मी वर चढलो. मधली जाड फांदी खाली आली आणि त्यांच्या पायाशी उन्हाचा मोठा तुकडा पडला. बाबा बराच वेळ त्याच्याकडे पाहत राहिले. मग काठी उचलून त्यांनी शेजारची फांदी दाखवली. "तीही काढ," म्हणाले. "हळदीला पुरेल एवढं येऊ दे."